रोयणीत कोण राहते? आमची वाटचाल

डिचोलीत मी सात वर्षे बालवाडीला शिकवले. वर्गात एक तक्ता होता, तो तुमच्याही शाळेत असणार. गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, कोंबडीचे खुराडे, सिंहाची गुहा, सापाचे वारूळ, पोपटाचा पिंजरा. मुले सुरात म्हणायची, मीही म्हणवून घ्यायचे. एक दिवस सहज उलटे विचारले, "वारुळात कोण राहतो?" सत्तरी तालुक्याकडची एक चार वर्षांची मुलगी उभी राहिली. "रोयणीत सातेरी रावता, टीचर."

वारुळाला आमच्याकडे रोयण म्हणतात, आणि गोव्यातल्या कितीतरी गावांत सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते. तक्त्याच्या हिशेबाने उत्तर चूक. मला मात्र तिला चूक म्हणवेना. संध्याकाळी घरी सांगितले तर आमचे हे म्हणाले, "मग सापाचे तरी कुठे बरोबर आहे? वारूळ बांधते वाळवी. साप म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!"

मग सगळाच तक्ता तपासायला घेतला. सिंह काही गुहेत संसार थाटत नाही. गीरमध्ये तो पानगळीच्या कोरड्या रानात आणि गवताळ भागात असतो. पोपटाचे घरटे झाडाच्या ढोलीत. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि मी तेच चिमुरड्यांकडून घोकून घेत होते. गोठा, तबेला, खुराडे तर माणसाने बांधलेली. मुलांना हवे ते वेगळेच: हा खातो काय, पाणी कुठे पितो, लपतो कुठे, पिल्ले कुठे वाढवतो. याला अधिवास म्हणतात हे चौथीत कळले तरी चालेल.

आमचे हे पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम बसले. हात रिकामे होते, तेव्हा त्यांनी एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळीवर गोव्याचेच चार देखावे रंगवले: सडा (जांभ्या दगडाचे पठार), कुळागर (सुपारी-नारळाची बाग), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), समुद्रकिनारा. सोबत कापलेले प्राणी. गवा सुटा, घार सुटी, खेकडा सुटा. मुलाने ज्याला त्याला जागेवर ठेवायचे. मे महिन्यात चाळीस संच तयार झाले. जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत खोके उघडले तर गवे फुगून दुप्पट जाड झालेले, काठ पिसलेले, कुळागरावर खरीखुरी बुरशी. गोव्यात जन्म काढून एमडीएफ घेतले, कोणाला सांगायचे! सगळे बंबात गेले.

तेव्हापासून देखावे कापडावर आणि प्राणी शिवण लाकडाचे. सुताराकडे फर्निचरचे तुकडे उरतात, ते आम्ही वजनावर घेतो. रंग मुलाच्या तोंडात जाणार हे धरूनच रंग निवडतो, कारण तीन वर्षांचे मूल प्राणी आधी चाखते, मग ओळखते.

सर्वांत जास्त खपतो तो रोयणीचा संच. कापडी वारूळ मधोमध चेनने उघडते. आत वाळवीच्या वाटा, मधोमध राणीची खोली आणि वाळवीने पोसलेली बुरशीची बाग. पावसात रोयणीवर अळमी (अळंबी) उगवतात, ती याच बुरशीची. गोव्याच्या मुलाला अळमीची भाजी ठाऊक असते, ती खालच्या बागेतून वर येते हे कळल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो. एका बाजूच्या जुन्या बिळात साप, भाडेकरू म्हणून. सातेरीला कुठे ठेवायचे यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी वारुळाच्या माथ्यावर हळदकुंकवाचे दोन ठिपके भरतकाम करून दिले. ज्याला समजायचे त्याला समजते.

टाळेबंदीत शाळा बंद, ऑर्डरी बंद. पण पालक घरात अडकलेल्या मुलांसाठी काहीही घ्यायला तयार होते, तेव्हा पार्सले पुण्या-मुंबईपर्यंत जाऊ लागली. तिथून हमखास मागणी यायची: सिंह घाला. एकदा घातला, गुहा मात्र दिली नाही. दोन जणांनी गुहा विसरलात म्हणून फोन केले.

शाळा उघडल्यावर आम्ही खाजनावर फेऱ्या सुरू केल्या. चोडण बेटाच्या बाजूला, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी, एका वेळी पंधराच मुले. वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते. त्यामुळे कधी सकाळी सात, कधी दुपारी तीन, आणि शाळांच्या वेळापत्रकाशी कायमचे भांडण. एकदा पणजीच्या फ्लॅटमधला एक मुलगा पांढरे बूट घालून बांधावर आला आणि चिखलाकडे पाहून रडायलाच लागला. त्याला मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेपाशी, उभे केले. भरतीचे पाणी आले की मानशीचे दार पाण्याच्या रेट्यानेच मिटते आणि शेत खारट व्हायचे वाचते, हे दाखवत होते. तेवढ्यात त्याच्या पायाजवळ एक निवटी चिखलावरून टुणकन उडाली. "मासो चलता!" तो ओरडला. ओल्या कातडीतून श्वास घेणारा मासा, गालफडात पाणी भरून जमिनीवर फिरणारा. जरा पुढे एक बोटभर खेकडा आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत होता. तसे नर मादीला बोलावतात. मुलाने त्याला हात हलवून उत्तर दिले, तो खेकडा बिळात शिरेपर्यंत. बुटांचे पुढे काय झाले ते त्याच्या आईला विचारा.

पैशांचे मात्र रडगाणे आहे. एका मोठ्या संस्थेने साठ संच नेले आणि बिल चौदा महिन्यांनी चुकते केले, तेही तीन वेळा 'फाइल वर गेली आहे' ऐकल्यावर. त्या दिवसांत मुलीची फी भरायला दागिना ठेवला. आता निम्मा बयाणा आल्याशिवाय लाकूड कापत नाही. नाव खराब झाले तरी चालेल.

सध्या बेडकाच्या संचावर काम चालू आहे. पहिल्या पावसात मोठ्या बेडकाचा नर पिवळाधमक होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या. नमुना तसाच रंगवला. तीन बालवाड्यांत दिला, तीनही ठिकाणी बाई म्हणाल्या, रंग चुकलाय, बेडूक हिरवा हवा. चौथ्या ठिकाणी, वाळपईच्या बाजूला, एका मुलाने बेडूक उचलला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "हो पावसांतलो मूं? मागीर उन्हाळ्यांतलो खंय आसा?"

त्याचे बरोबर होते, उन्हाळ्यातला बेडूक आम्ही दिलाच नव्हता. आता प्रत्येक संचात दोन बेडूक घालतोय, एक पिवळा आणि एक मातकट हिरवा. लाकूड जास्त लागते, किंमत तीच ठेवली आहे.