त्यांनी विचारलं नाही

प्रौढांचं ऑटिझमसाठी मूल्यमापन करताना आम्ही गप्पांच्या नावाखाली एक डाव टाकतो. 'एडॉस' या निरीक्षण-चाचणीत परीक्षकाने मध्येच स्वतःबद्दल एखादं वाक्य सोडायचं आणि गप्प बसायचं. "परवा माझी चांगलीच फजिती झाली." बस, एवढंच. समोरचा "काय झालं?" विचारतो का, ते बघायचं. ती शांतता धरून ठेवणं हे या कामातलं खरं कसब. नवखे दोन सेकंदांत कच खातात, सगळी गोष्ट सांगून मोकळे होतात आणि नोंदवण्यासारखं काही उरतच नाही.

त्या दिवशी समोर एक अभियंते होते. कार्यालयातल्या तक्रारी नेहमीच्याच: येता-जाता हसत नाहीत, भर बैठकीत साहेबांचे आकडे दुरुस्त करतात, आखडू आहेत. (आकडे बरोबर होते का, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.) ते स्वतः 'अॅस्परगर' म्हणत होते. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकी पुस्तिकेत, हे वेगळं निदान उरलं नाही, ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलं गेलं. पण ज्यांनी ते नाव वर्षानुवर्षं आपलं मानलं, ते कशाला सोडतील?

मी वाक्य टाकलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मीही थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुम्ही मुद्दाम थांबलात का?"

"तसं का वाटलं?"

"सांगायचं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. फजितीबद्दल आपण होऊन विचारणं मला भोचकपणा वाटला."

आवाज सपाट, चेहरा कोरा. शेजारी नोंदी घेणाऱ्या सहकारी बाईंनी लिहिलं होतं: 'संवादात रस नाही. उद्धट?' ते प्रश्नचिन्ह मला अजून खुपतंय. आमच्या तक्त्यात उद्धटपणाला रकाना नाही. पदवी मिळाली म्हणून माणसाची शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर जात नाही, हेच खरं.

संध्याकाळी अहवालासाठी संभाषण टंकलं, तर कागदावर हाच माणूस चक्क अदबशीर वाटत होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच दिसलं होतं: ऑटिस्टिक व्यक्तींना काही सेकंद बघून-ऐकून लोक नापसंती दाखवत, पण फक्त त्यांचं बोलणं लिहून वाचायला दिलं की तो फरक नाहीसा होई.

गुण मात्र मनातल्या हेतूला मिळत नाहीत, घडलेल्या वागण्याला मिळतात. त्यांनी विचारलं नाही; त्याचा आकडा मी लावला आणि शेजारी कारण लिहिलं. बाई म्हणाल्या, "शेऱ्याला बेरजेत किंमत नाही." बरोबर आहे. पण कार्यालय वाचणार ते शिफारशींचं पान. तिथे मी लिहिलंय: बैठकीचे मुद्दे आधी लेखी द्यावेत, उत्तर हवं असेल तर आडून न सुचवता सरळ विचारावं. साहेबांना दुसरी शिफारस जास्त जड जाणार, असा माझा अंदाज आहे.