लॅपटॉप टेबलावर हवा, पण समोर नको

आमचा ग्रुप डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचत जायचा खेळ, समोरासमोर बसून खेळतो, पुण्यात, कुणा ना कुणाच्या घरी, दुपारी सुरू होतं ते रात्रीच्या जेवणापर्यंत चालतं. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर्स चालवणारा. आणि माझ्या बाजूला लॅपटॉप उघडा बघून नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, अरे हा कागद-पेन्सिल आणि फाशांचा खेळ ना, मग लॅपटॉप कशाला, त्यापेक्षा ऑनलाइनच खेळा की. प्रश्न बरोबरच आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला तेव्हा सगळं कागदावरच चालायचं आणि आजही कागदावर उत्तम चालतं. पण माझं मत आता पक्कं झालंय. जे नुसतं लक्षात ठेवायचंय ते सगळं लॅपटॉपकडे द्यावं, आणि जे सगळ्यांनी मिळून बघायचं-ऐकायचं आहे ते टेबलावरच घडावं. एवढं ठरलं की कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि कुठलं नाही हे निम्मं तिथेच सुटतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो लढाईत. समजा पाच प्लेयर्स आहेत, समोर सहा गॉब्लिन आणि एक ट्रोल. २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसेल) ७ आणि आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) १५, म्हणजे तो एका फटक्यात जातो किंवा एक-दोन पॉइंटवर लटकतो, आणि नेमका हा लटकलेला कोणता, डावीकडचा की झाडामागचा, हे डीएमच्या डोक्यात राहत नाही. ट्रोलची गंमत वेगळीच. त्याच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला त्याला १० हिट पॉइंट परत मिळतात, फक्त आग किंवा ॲसिड लागलं असेल तर त्याच्या पुढच्या टर्नला मिळत नाहीत. हे विसरलं की ट्रोल म्हणजे नुसता जाडा गुंड उरतो, त्याची सगळी भीतीच जाते. त्यात कुणी कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल, म्हणजे लक्ष लावून टिकवायचा मंत्र, धरून ठेवलेला असतो, त्याला मार बसला की सेव्ह घ्यायचा, म्हणजे फासा टाकून तो टिकतो का बघायचं, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. म्हणजे २२ च्या खालच्या कुठल्याही फटक्याला १० च, २२ ला ११. हे सगळं मी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. इनिशिएटिव्हचे, म्हणजे कुणाची पाळी कधी याचे, आकडे टाकायचे, सॉर्ट मारायचा, आणि खाली खाली सरकत जायचं. प्रत्येक ओळीत एक रकाना आहे "टर्नच्या सुरुवातीला काय" म्हणून, ट्रोलच्या ओळीत तिथे "+१०, आग/ॲसिड बघ" एवढंच लिहिलेलं असतं. तयार इनिशिएटिव्ह ट्रॅकर्स भरपूर मिळतात, ऑनलाइनही आणि ऑफलाइनही, पण मला हे आवडतं कारण नेट गेलं, लाइट गेली तरी बॅटरीवर लढाई चालू राहते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं हे काही नवीन नाही.

त्याच शीटमध्ये वरच्या बाजूला प्रत्येक कॅरॅक्टरचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता आपोआप किती लक्षात येतं त्याचा आकडा, लिहून ठेवलेलं असतं, १० अधिक त्याचा परसेप्शनचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा). डीएमना मी हे कळकळीने सांगतो की हा एक आकडा कायम डोळ्यासमोर असू द्या. "परसेप्शन रोल करा" म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना कळतंच की इथे काहीतरी दडलंय, मग फासा कितीही वाईट पडला तरी सगळे दबक्या पावलांनी चालायला लागतात. आकडा समोर असेल तर कुणालाही न विचारता मी ठरवू शकतो की खिंडीतल्या दरोडेखोरांचा स्टेल्थ (लपण्याचा रोल) १४ आला आणि एकीच्या कॅरॅक्टरचं पॅसिव्ह १६ आहे, म्हणजे फक्त तिलाच दगडामागची हालचाल दिसली. मी फक्त तिच्याकडे बघून सांगतो. असा क्षण ज्याने टेबलावर अनुभवलाय त्यालाच त्याची मजा कळेल.

आता नोट्स. मी ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप वापरतो, त्यातल्या फाइल्स साध्या टेक्स्टच्या असतात, आपल्याच हार्ड डिस्कवर राहतात, आणि एका फाइलमधून दुसऱ्या फाइलला लिंक देता येते. प्रत्येक एनपीसीची (डीएम चालवतो त्या पात्राची) एक फाइल, प्रत्येक गावाची एक, प्रत्येक सेशनची एक. आमचं जग मी घाटमाथ्यावर रचलंय, किल्ले, खिंडी, जकातनाके, देवराया, आणि तिथली माणसं प्लेयर्स कधी शोधत परत येतील याचा नेम नाही. मागच्या पावसाळ्यात एका नाक्यावर भेटलेली मैनाक्का, जिने मिठाच्या गोण्यांतून काहीतरी पलीकडे नेलं होतं, तिचं नाव अचानक कुणीतरी काढतं आणि विचारतं, तिने आपल्याला काय वचन दिलं होतं? सर्च मारला की ती फाइल, त्यात ती काय बोलली, कुणाशी बोलली, कुठल्या सेशनला, सगळं समोर. प्लेयरने जपून ठेवलेली गोष्ट डीएमने पण जपली होती हे दिसलं की प्लेयर त्या जगावर विश्वास ठेवायला लागतो, आणि माझ्या लेखी लॅपटॉपचं सगळ्यात मोठं काम हेच, नकाशे आणि आवाज त्याच्या खूप नंतर. मराठीत नोट्स टाइप करणाऱ्यांसाठी एक काम की बात: नाव कधी जोडून लिहिलं जातं कधी तोडून, ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे होतं, आणि मग सर्चला ते सापडत नाही. ऑब्सिडियनमध्ये फाइलला एलियस, म्हणजे पर्यायी नावं, देता येतात, तिथे मैनाक्का, मैना अक्का, अक्का असं सगळं टाकून ठेवायचं.

नावांची एक यादीही आधीच तयार ठेवतो, माणसांची, बायकांची, वाड्यांची, घोड्यांची सुद्धा, कारण प्लेयर्स चहावाल्याचं नाव विचारणारच. वापरलेलं नाव यादीतून काढायचं आणि पुढे एका ओळीत लिहायचं कोण ते.

नियम शोधायला एसआरडीची, म्हणजे खेळाच्या मूळ नियमांच्या अधिकृत संचाची, पीडीएफ पुरते. ५.१ ची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आली, साधारण ४०० पानं, फुकट आणि कायदेशीर, २०२५ मध्ये नवीन नियमांची ५.२ पण आली. बिहोल्डरसारख्या काही प्राण्यांचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) त्यात नाहीत, पण मूळ नियम, स्पेल्स आणि बहुतेक मॉन्स्टर्स आहेत. मात्र सेशन चालू असताना मी एखाद मिनिटाच्या वर शोधत बसत नाही, तेवढ्यात सापडलं नाही तर निर्णय देतो, सेशनच्या फाइलमध्ये "हे बघ" म्हणून एक ओळ टाकतो आणि पुढे.

मॅपसाठी टीव्ही हा प्रकार लोकांना फार आकर्षक वाटतो आणि मोठ्या लढाईला तो खरंच भारी दिसतो. जुना ३२ इंची टीव्ही टेबलावर आडवा ठेवायचा, वर जाड पारदर्शक शीट, एचडीएमआयने लॅपटॉपला जोडायचा. स्क्रीन आडवी साधारण २८ इंच भरते, फुल एचडी असेल तर १९२० भागिले २८, म्हणजे इंचाला साधारण ६९ पिक्सेल. मॅपचा एक चौकोन पडद्यावर बरोबर तेवढा भरेल असा झूम लावला की एक चौकोन एक इंच, म्हणजे खेळातले ५ फूट, आणि मिनिएचर्स (पात्रांच्या छोट्या मूर्ती) बरोबर बसतात. फायरबॉल या आगीच्या स्पेलची त्रिज्या २० फूट, म्हणजे आडवे आठ चौकोन. पडद्यावर तो गोल उमटला की आपल्याच गटातला बार्बेरियन (योद्धा) आत येतोय का यावर जी चर्चा रंगते ती ऐकण्यासारखी असते. मी याला फाउंड्री हे मॅप दाखवायचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याचं लायसन्स फक्त डीएमला लागतं, बाकीचे ब्राउझरमधून येतात, म्हणून टीव्हीसाठी एक वेगळा प्लेयर युजर करून त्याची ब्राउझर विंडो टीव्हीवर टाकायची, म्हणजे फॉग ऑफ वॉर (प्लेयर्सनी अजून न पाहिलेला भाग झाकणारा पडदा) तिथे नीट राहतो आणि डीएमचं सगळं लॅपटॉपवरच. विंडोजमध्ये विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडायचं, डुप्लिकेट अजिबात नाही, नाहीतर पुढच्या तीन खोल्यांतले सापळे सगळ्यांना दिसतील. आणि नोटिफिकेशन्स बंद. पण दर सेशनला टीव्ही नको. सारखा पडदा समोर असला की प्लेयर्स माझं वर्णन ऐकणं सोडून चौकोन मोजायला लागतात, देवराईतल्या ओल्या पानांचा वास सांगत असताना कुणी चौकोन मोजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

फासे लॅपटॉपवर कधीच नाहीत. सहा गॉब्लिन असतील तर सहा डी२० (वीस बाजूंचे फासे) मुठीत घेऊन एकदम टाकतो, सगळ्यांसमोर. २० पडल्यावर टेबलावर जो आरडाओरडा होतो तो बटण दाबून होत नाही.

लॅपटॉपची जागा पण महत्त्वाची. समोर ठेवला तर पडद्याच्या आड डीएमचा चेहरा जातो, एनपीसीचे डोळे, भुवया, हात काहीच दिसत नाही. म्हणून तो डाव्या हाताला, काटकोनात, छोट्या स्टुलावर, टेबलापेक्षा जरा खाली. ब्राइटनेस कमी. कुणी बोलत असताना टाइप करायचं नाही, फार तर दोन शब्द, बाकीचं त्याच रात्री झोपण्याआधी.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी टीव्ही-फाउंड्रीच्या मागे न लागता आधी फक्त स्प्रेडशीट करा, रकाने सहा: नाव, इनिशिएटिव्ह, आर्मर क्लास, हिट पॉइंट, कॉन्सन्ट्रेशन, टर्नच्या सुरुवातीला काय. पुढच्या सेशनला एवढंच घेऊन बसा, नोट्सचं नंतर बघू.