आमची वाटचाल : मूळ आकाराचा आग्रह

पुण्यातील आमचे दुकान मुळात फ्रेम करण्याचे. वडिलांच्या काळात देवादिकांच्या तसबिरी, लग्नातले फोटो आणि रविवर्म्यांच्या छापखान्यातली, कडा जीर्ण झालेली जुनी चित्रे यांवर ते चालत असे. जपानी शिकणाऱ्यांची या शहरात कधीच वाण नव्हती. त्यांच्यापैकी जपानला जाऊन येणारी मंडळी तिथून आणलेली लाकडी ठशांची चित्रे मढवायला देऊ लागली आणि ती हाताळता हाताळता आम्ही त्यांच्या प्रतिकृती छापण्याकडे वळलो.

होकुसाई आणि हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांच्या चित्रांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडील अशा असंख्य कृतींची उत्तम छायाचित्रे वापरासाठी खुली केल्याने आमच्यासारख्या छोट्या दुकानाचीही सोय झाली. मात्र कोणती प्रत निवडायची, हा प्रश्न उरतोच. चित्रकार, ठसा कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांच्या हातून चित्र तयार होई आणि आकाशातली निळाई फिकी होत जाण्यासाठी छापणारा ठशावरचा रंग हाताने पुसून घेई. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. होकुसाईच्या तांबड्या फुजी पर्वताच्या चित्राच्या चांगल्या प्रतीत लाकडाच्या रेषाही कागदावर उमटलेल्या दिसतात. संगणकावर त्या पुसून आकाश गुळगुळीत करणे सोपे असते, पण आम्ही ते करत नाही.

खरी ओढाताण झाली ती आकारावरून. होकुसाईची कानागावाची प्रसिद्ध लाट १८३१च्या सुमारास छापली गेली, ती जेमतेम २६ बाय ३८ सेंटिमीटरच्या कागदावर. एदोमधील (आजच्या टोकियोतील) दुकानांतून अशी चित्रे लोक विकत घेत आणि हातात धरून पाहत. आमच्याकडे मात्र सोफ्यामागे पाच फुटी लाट हवी, अशी मागणी येई. एवढी मोठी केली की ठशाची नाजूक रेघ दोरखंडाएवढी जाड होते आणि लाटेखाली होड्यांत वाकून बसलेले नावाडी शोधण्याची गंमतच उरत नाही. म्हणून मूळ आकारातली तीन चित्रे, रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड) आणि फ्रेमची अर्ध्या इंचाची काळी पट्टी, हा आमचा पर्याय ठरला. काही गिऱ्हाइके त्यामुळे गेली, आणि हातचे काम परत पाठवण्याची ही ऐट छोट्या धंद्याला परवडत नाही, असे घरच्यांनी ऐकवलेही.

पुण्याच्या पावसाळ्यासाठी आम्ही माउंट आम्लमुक्त पुठ्ठ्याचे वापरतो, चित्र काचेला चिकटू देत नाही आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत रबरी गुंड्या लावून भिंतीपाशी हवा खेळती ठेवतो. समोर खिडकी असेल, तर जागा बदलायला सांगतो. प्रतिकृतीचाही रंग उन्हाने उडतो.

गेल्या काही वर्षांत मागणी वाढली आहे ती फ्लॅटमधल्या अरुंद पॅसेजसाठी, जिथे भिंतीपासून दूर उभे राहताच येत नाही आणि म्हणून हा लहान आकार चपखल बसतो. तिथे आम्ही हिरोशिगेची तोकाइदो मार्गावरची चित्रे सुचवतो. एदो ते क्योतो या रस्त्यावरचे ५३ मुक्काम आणि दोन टोके मिळून तो संच ५५ चित्रांचा आहे. शोनोचा पाऊस आणि कांबाराचा बर्फ बहुतेकांना हवा असतो; बाकीची चित्रे गिऱ्हाइकाने आपल्या आवडीने निवडावीत, पण लावताना क्रम रस्त्याचाच ठेवावा, एवढे आम्ही सांगतो.