वरून डाग, आत पोकळ
आज दिवसभर कार्बन फायबरच्या नळ्यांवर वजन टाकून आतली इजा शोधायचं काम. ५.५ किलो वजन, १६ मिमी व्यासाचं गोल टोक, उंची ५० सेंटिमीटर. म्हणजे साधारण २७ जूल. वर जेमतेम नखाएवढा डाग, तोही टॉर्च तिरका धरल्यावर. नाण्याने ठोकत गेलं की मात्र 'टण टण'चं एकदम 'थप' होतं. म्हणजे तिथे आतले थर सुटलेत. थरांमध्ये नुसतं रेझिन (थर चिकटवून धरणारा पदार्थ), ते आधी सुटतं. 'थप' वाजणाऱ्या भागाची कडा खडूने आखली तर डागापेक्षा कितीतरी मोठी!

नळी व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) घट्ट हवी. जरा घरंगळली की मार तिरका बसतो, नमुना वाया. उसळलेलं वजन पुन्हा आदळण्याआधी अडवायचं, हे नवखे हमखास विसरतात. आतलं बघायला अल्ट्रासाऊंड वापरताना प्रोबखाली (नळीवर टेकवायच्या भागाखाली) नळीच्या गोलाईवर नीट बसणारा तुकडा लावा, नाहीतर जेल कितीही थापा, पडद्यावर नुसता गोंधळ.