गल्लीचा पडदा

सांगलीत गणपतीचे दिवस चतुर्थीच्या आधीच सुरू होतात. भाद्रपद प्रतिपदेला गणपती मंदिरात चोर गणपती गुपचूप येऊन बसतो, आणि तिकडे तो बसला की इकडे गावभागात आमच्या गल्लीत मांडवाची घाई उडते. वासे, सुतळ्या, पावती पुस्तकं, माइकवाल्याचा पत्ता नाही, मूर्ती आणायला ट्रॉली कुणाची हा दरवर्षीचा प्रश्न. हे सगळं मी लहानपणापासून बघत आणि करत आलोय. पण आमच्या मंडळाची खरी ओळख विचाराल तर मी पडद्याचं नाव घेईन.

मांजरपाटाचा, नीळ घालून धुतलेला, चारी कोपऱ्यांना दोऱ्या लावलेला पडदा. आम्ही शाळेत होतो तेव्हा तो गल्लीच्या मधोमध, एका माडीच्या कठड्यापासून समोरच्या खांबापर्यंत आडवा बांधायचे. भाड्याचं सोळा एमएमचं प्रोजेक्टर यायचं, रिळं बदलताना पाच मिनिटं अंधार व्हायचा, आणि सिनेमा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चालायचा. पुढच्या बाजूला जागा मिळाली नाही की पोरं सरळ मागं जाऊन बसायची. तिथून हिरो डावखुरा दिसायचा आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी, पण कुणाची तक्रार नसायची. म्हातारी माणसं तर मुद्दाम मागं बसत. गर्दी कमी, वारा जास्त.

पुढं घरोघरी टीव्ही आले आणि पडदा माळ्यावर गेला. मग हलत्या देखाव्यांचे दिवस आले. ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, पुठ्ठा आणि थर्माकोल एवढ्यावर आमच्या वायरमनदादांनी कंसाचा दरबार हलता केला होता. तेही दिवस सुंदरच होते. ते पुन्हा कधीतरी लिहीन.

२०१७ साली मंडळाच्या बैठकीला आठवीतली एक मुलगी आली. तिच्या वडिलांचं कोपऱ्यावर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका छापायच्या ऑर्डरी घेणारं. पोरं बैठकीला येतात ती नाचाला वेळ मागायला किंवा स्पीकर मागायला. हिनं विचारलं, "काका, तो जुना पडदा अजून आहे का?"

तिनं संगणकावर पाऊण मिनिटाची ॲनिमेशन फिल्म केली होती. उंदीर मोदक ढकलत नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढवतोय, एवढीच गोष्ट. वडिलांच्या दुकानातल्या संगणकावर ब्लेंडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेऊन, इंटरनेटवरचे धडे बघत ती एकटी शिकली होती. माझा अंदाज होता की पोरीचं कौतुक म्हणून चार टाळ्या पडतील. पण उंदरानं मोदकाला पाठ लावली, पाय रोवले, मोदक पायरीच्या कडेवर डुगडुगला, आणि अख्ख्या गल्लीनं श्वास रोखला. मोदक गडगडत खाली गेला तेव्हा जो आवाज उठला तो मी आमच्या गल्लीत क्रिकेटच्या मॅचलाच ऐकलाय. "परत लाव, परत लाव" करत लोकांनी ती फिल्म आरती लांबेपर्यंत बघितली.

संगणकावरच्या चित्रात सगळ्यात अवघड काय, तर वजन. आकार, रंग, उजेड हे धडे बघून जमतं. पण वस्तू जड आहे हे दाखवायचं तर ती हलायच्या आधी किती वेळ हलत नाही हे कळावं लागतं. त्या उंदरानं ढकलायला लागल्यावर मोदक क्षणभर जागचा हलला नव्हता. तेराव्या वर्षी हे त्या मुलीला कुणी सांगितलं होतं? मी विचारलं, तर म्हणाली, "दुकानात कागदाची रिमं उचलते ना."

त्या वर्षी एकच गडबड झाली. फिल्मच्या शेवटी तिनं मंडळाचं नाव टाकलं होतं, आणि पडद्यामागच्या मंडळींना ते उलटं दिसलं. तेव्हापासून तिच्या एकाही फिल्ममध्ये अक्षर नाही. नाव, श्रेयं, सगळं माइकवरून सांगायचं. मागं बसणाऱ्या आजोबांचा विचार करून फिल्म बांधणारी दुसरी दिग्दर्शिका मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं बाहुल्या घेतल्या. सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको, की १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमीचा तो दिवस ठरला. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, हे मात्र आमच्यातल्या बऱ्याच जणांना तिच्यामुळंच कळलं. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या त्या बाहुल्या पुढं रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. तिच्या फिल्ममध्ये रात्री एक पेटी उघडते आणि आतली बाहुली स्वतःची दोरी स्वतःच ओढून उठायचा प्रयत्न करते. विषय सुरेख होताच, पण निवड हुशारीची होती. चामडी, केस, लुगड्याच्या निऱ्या हे संगणकावर खरं वाटेल असं करणं त्या जुन्या यंत्राच्या आणि तिच्याही आवाक्यात नव्हतं. लाकडाला फक्त सांधे लागतात. आकृतीच्या आत हाडं घालायची, कोणत्या हाडामागं कोणता भाग हलेल ते ठरवायचं. माणसाचा कोपर असा वाकवला की कातडं चेपल्यासारखं दिसतं, लाकडाला ती भीतीच नाही. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्यातून विषय काढणं मोठमोठ्यांना जमत नाही.

तीन मिनिटांची फिल्म. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे ४,३२० चित्रं, आणि दुकानातला संगणक एक चित्र पुरं करायला साधारण तीन मिनिटं घ्यायचा. हिशेब केला तर सलग २१६ तास. दिवसा दुकानाची कामं, त्यामुळं रात्री नऊ ते सकाळी नऊ एवढाच वेळ तिच्या हाती. अठरा रात्री. त्यात लाइट गेली की काम थांबणार. म्हणून ती थेट फिल्म न काढता एकेक चित्र सुटं साठवायची, म्हणजे जिथं तुटलं तिथून पुढं. दुकानाच्या जुन्या बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर रोज सकाळी आकडा लिहिलेला असायचा: ८१२ पर्यंत, १०४० पर्यंत, मध्येच 'लाइट नव्हती'. ते बिलबुक मी हातात घेऊन बघितलंय. कागदावर डिंकाचे डाग, आकडे पेन्सिलीनं, आणि शेवटच्या पानावर ४३२० भोवती तीनदा गिरवलेला गोल. चतुर्थी काही कुणासाठी पुढं सरकत नाही. माझं ठाम मत आहे की त्या मुलीतली कला तिची होती, पण ती दरवर्षी पुरी झाली ती या न सरकणाऱ्या तारखेमुळं. अशी गुणी पोरं खूप असतात आणि त्यांच्या निम्म्या राहिलेल्या फिल्मा संगणकातच राहतात, कारण अमुक दिवशी रात्री साडेआठला आरतीनंतर लोक येऊन बसणार आहेत, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एकदा तिनं या सॉफ्टवेअरचीच कथा मंडळात सांगितली होती. ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टॉन रोझेंडाल या डच माणसानं लोकांना आवाहन केलं: एक लाख युरो जमले तर हे सगळ्यांसाठी खुलं करता येईल. सात आठवड्यांत पैसे जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते खुलं झालं. आमचे खजिनदार एकदम खूश. "म्हणजे वर्गणीतनंच झालंय की!" म्हणाले. त्या दिवसापासून संगणकाचं हे काम मंडळाचं स्वतःचं झालं.

मग २०१९. ३० जुलैला ब्लेंडरची नवी आवृत्ती आली, २.८. चित्र जवळपास लगेच तयार करून दाखवणारी सोय त्यात होती, तीन-तीन मिनिटं थांबणं संपणार होतं. पोरगी आनंदानं सगळ्यांना सांगत सुटली. पुढच्याच आठवड्यात कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर दाखवून "याच्या वर काही येत नाही" म्हणणारे आम्ही, ती खूण पाण्याखाली गेलेली बघितली. दुकान बुडालं. संगणक तेवढा तिच्या वडिलांनी आधीच माडीवर नेला होता.

त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. देखावा नाही, रोषणाई नाही, वर्गणी पूरग्रस्त घरांना, असं एकमतानं ठरलं. पडदा मात्र बांधायचा, हे बायकांनी सांगितलं. तिनं पुराचीच फिल्म करायला घेतली होती, आणि आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून मोजक्या लोकांना दाखवली. पाण्याच्या मोठ्या लाटा गल्लीत शिरतात, दारं फुटतात. बघायला जबरदस्त. शेवटी एक आजी, जिचं सगळं घर गेलं होतं, ती म्हणाली, "अगं पोरी, आपल्याकडं पाणी असं धावत येतंय का? गटारीतनं वर येतंय. गुमान. आधी उंबरा, मग चूल."

मुलगी काही बोलली नाही. घरी गेली. नवी सोय नसती तर पुढचं अशक्यच होतं. दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली, आरती झाली, आणि तिनं सांगितलं की फिल्म पाचव्या दिवशी. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन बघून गल्ली परत आली आणि पडद्यापुढं बसली. लाटा गेल्या होत्या. नुसतं एक स्वयंपाकघर. फरशीच्या फटीतून तपकिरी पाणी पाझरतं. जमिनीवरचा पाट हळूच सुटतो आणि तरंगायला लागतो. मग पिठाचा डबा. डबा स्वतःभोवती फिरत, भिंतीला एकेकदा टेकत वर वर चढतो, शेवटी देवळीपाशी येऊन थांबतो. संपली. आवाज फक्त डबा भिंतीला लागल्याचा. आजूबाजूला बायका रडत होत्या, आणि ती आजी मोठ्यांदा म्हणाली, "आत्ता बरोबर." मी आयुष्यात बरेच पुरस्कार दिलेले-घेतलेले पाहिलेत. एवढा मोठा दुसरा आठवत नाही.

२०२० ला कोरोना. चार फुटांची मूर्ती, गर्दीला मनाई, पडदा नाही. तिची फिल्म सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, अंगठे आणि फुलं भरभरून आली. ती मला म्हणाली, "काका, लोक कुठं हसले तेच कळलं नाही." पुढचं वर्षही तसंच, त्यात जुलैत पुन्हा पूर. पडदा परत बांधला तो २०२२ ला, आणि त्या रात्री मागच्या बाजूलाही बसायला जागा नव्हती.

आता ती पुण्यात याच क्षेत्रात काम करते. मार्च २०२५ मध्ये लाटव्हियाच्या 'फ्लो' या फिल्मला ऑस्कर मिळाला तेव्हा गल्लीतल्या ग्रुपवर दिवसभर तीच चर्चा होती. ती फिल्म ब्लेंडरमध्येच केलेली, आणि तिच्यातही पूरच. "बघा, आपल्याच वर्गणीतलं," असं खजिनदारांनी लिहिलं. ती मात्र त्या फिल्ममधल्या मांजराच्या चालीबद्दल लांबलचक लिहीत बसली होती.

दरवर्षी ती आठवडाभर आधी येते आणि गल्लीतल्या चार पोरांना घेऊन माडीवर बसते. यंदा सहावीतला एक मुलगा शेळीची फिल्म करतोय. शेळीचे मागचे पाय अजून घसरतात, तिनं त्याला खऱ्या शेळीमागं फिरायला पाठवलंय. तालमीला आजीबाई हव्यातच, असा तिचा आग्रह आहे. मंडळानं नवीन मांजरपाट घेतलाय, जुन्यापेक्षा एक पन्ना रुंद, आणि मागच्या बाजूलाही खुर्च्या टाकायचा ठराव पहिल्याच बैठकीत झाला.