तुम्ही विचारलंत म्हणून : न चालवताच चूक कळते कशी?

टीममध्ये नवीन आलेल्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. पर्लची स्क्रिप्ट चालवायला जावं, तर पडद्यावर एक अक्षरही छापलं जात नाही आणि थेट उत्तर येतं की चाळिसाव्या ओळीवरचं अमुक व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) जाहीर केलेलं नाही. ‘सर, पर्ल तर स्क्रिप्टिंगची भाषा. तिला कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम, कुठला? मग चाळिसावी ओळ न चालवताच तिला कळलं कसं?’

कंपायलर असतो. त्यातून वेगळी फाइल तयार होऊन डिस्कवर पडत नाही, म्हणून तो दिसत नाही, एवढंच. पर्ल आधी अख्खी फाइल वाचते, मेमरीत तिचं आज्ञांचं झाड बांधते आणि मगच पहिली आज्ञा चालवायला घेते. चूक सापडते ती या वाचनाच्या टप्प्यात.

लिनक्सच्या टर्मिनलवरची आज्ञांची भाषा बॅश, तिचं तसं नाही. ती एक आज्ञा वाचते, चालवते, मग पुढची वाचते. चाळिसाव्या ओळीवरची चूक कळेपर्यंत आधीच्या एकोणचाळीस ओळींनी जे काही पुसायचं-हलवायचं ते उरकलेलं असतं. ‘सेट -यू’ लिहिलं तर जाहीर न केलेल्या नावावर बॅश थांबते खरी, पण त्या ओळीवर पोहोचल्यावर. शिवाय जाहीर आहे पण रिकामं आहे, हे तिला चालतं. जानेवारी 2015 मध्ये स्टीम या गेम्सच्या ॲपच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टचा जो बोभाटा झाला तो यातलाच. फोल्डरचा पत्ता ज्या व्हेरिएबलमध्ये यायचा ते रिकामं राहिलं आणि पुसायची आज्ञा थेट मुळापासून, म्हणजे सगळ्यात वरच्या रूट फोल्डरपासून, लागू झाली. तिथे ‘सेट -यू’ असतं तरी उपयोग नव्हता.

आता पर्लचं ‘यूज स्ट्रिक्ट’, म्हणजे जाहीर न केलेल्या नावाला चूक ठरवायला लावणारी ओळ. लोकांना वाटतं, ते मॉड्यूल आपला कोड तपासतं. त्याची फाइल उघडून बघा, तुमचा कोड तपासणारी एकही ओळ तिच्यात नाही. ‘यूज’ची आज्ञा कंपायलरच्या नजरेला पडली की तिथल्या तिथे चालते, फाइलचा उरलेला भाग वाचायच्याही आधी. आणि हे मॉड्यूल चालून काय करतं, तर कंपायलरचे तीन बिट, म्हणजे चालू-बंदचे खटके, चालू करतं : एक व्हेरिएबल्ससाठी, एक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या मोकळ्या शब्दांसाठी, एक रेफरन्ससाठी, म्हणजे दुसऱ्या डेटाचा पत्ता धरणाऱ्या किमतींसाठी. पुढची तपासणी कंपायलर स्वतः करतो, वाचता वाचता.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘यूटीएफ-एट’चं मॉड्यूल घेतलं की पर्लमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. समजा, वर ‘माय’ लावून $एकूण जाहीर केलं, त्यात शून्य ठेवलं, आणि खाली लूपमध्ये रकमा मिळवताना घाईत लिहिलं $एकुण. वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. कंपायलरला मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ उकार ही दोन वेगळी अक्षरं, म्हणून दोन वेगळी नावं. स्ट्रिक्ट नसेल तर $एकुण नावाचं नवं ग्लोबल व्हेरिएबल गुपचूप जन्माला येतं, सगळ्या रकमा त्यात जमतात आणि अहवालात $एकूण छापलं जातं : शून्य. ना एरर, ना तक्रार.

स्ट्रिक्ट असेल तर $एकुण वाचल्याबरोबर कंपायलर आधी चालू ब्लॉकच्या यादीत बघतो, मग त्याच्या बाहेरच्या ब्लॉकमध्ये, मग त्याच्याही बाहेर. ‘अवर’ने (ग्लोबल नाव जाहीर करायचा शब्द) जाहीर केलेली नावंही याच याद्यांत असतात. शेवटी दुसऱ्या पॅकेजातून (नावांच्या वेगळ्या गटातून) आणलेल्या नावांत बघतो. कुठेच नाही म्हटल्यावर बिट तपासतो, चूक नोंदवतो आणि वाचन पुढे चालू ठेवतो. म्हणूनच तुम्हाला एकदम पाच-सहा एरर दिसतात. दहा झाल्या की तो हात टेकतो. एरर मेसेजमध्ये मात्र ‘पॅकेजचं नाव स्पष्ट लिहा’ अशी भाषा असते आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. कंपायलरच्या मते तुम्हाला ग्लोबलच हवं असणार, आणि ग्लोबल हवं तर पूर्ण नावानिशी मागा, असा त्याचा हट्ट. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘माय लावायचं विसरलात का?’ अशी पुस्तीही जोडलेली असते. ती वीस वर्षं आधी जोडायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत.

याला एक पळवाट आहे. ए आणि बी या एकाक्षरी नावांना माफी आहे, कारण यादी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’ची तुलना त्यांच्यावर चालते. तुमच्या टायपोतून नेमकं यातलंच नाव उमटलं, तर स्ट्रिक्ट ते सोडून देतो.

तिसरा बिट, रेफरन्सचा, हा जरा निराळा मामला. साधी स्ट्रिंग रेफरन्स म्हणून वापरायची नाही, असा तो नियम. पण व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष काय असेल ते वाचताना कसं कळणार? तिथे कंपायलर फक्त त्या आज्ञेवर खूण करून ठेवतो आणि झडती चालताना होते. म्हणून ‘स्ट्रिक्ट लावलंय, तरी रात्री दोन वाजता स्क्रिप्ट का पडली?’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. हॅशच्या (नाव-किंमत अशा जोड्यांच्या साठ्याच्या) कीचं, म्हणजे जोडीतल्या नावाचं, तर याहून वाईट. $हिशेब मध्ये ‘एकूण’ ऐवजी ‘एकुण’ ही की लिहिलीत तर स्ट्रिक्ट ब्रही काढत नाही, कारण ‘की’ म्हणजे व्हेरिएबलचं नाव नव्हे, तो डेटा. ‘हॅश युटिल’मधलं ‘लॉक कीज’ वापरलं तर परकी की अडवता येते, पण तीही चालतानाच.

जावास्क्रिप्टवाले इथे म्हणतात, ‘आमच्याकडेही स्ट्रिक्ट आहे की!’ आहे, त्या भाषेच्या मानकाच्या डिसेंबर 2009 मधल्या पाचव्या आवृत्तीपासून. ‘यूज स्ट्रिक्ट’ तिथे चक्क अवतरणचिन्हांत लिहितात. जुन्या ब्राउझरला ती निरुपद्रवी स्ट्रिंग वाटावी आणि त्याने पुढे जावं, ही त्यातली हुशारी. ‘विथ’चा वापर, एकाच फंक्शनला एकाच नावाचे दोन पॅरामीटर, शून्याने सुरू होणारे जुन्या पद्धतीचे अष्टमान आकडे, या चुका तिथेही चालवण्याआधी पकडल्या जातात. पण जाहीर न केलेल्या नावात किंमत भरलीत तर? एरर येते, पण ती ओळ चालेल तेव्हाच. ती ओळ फक्त 31 मार्चला खऱ्या होणाऱ्या ‘इफ’मध्ये असेल, तर एररही 31 मार्चलाच.

यात इंजिनचा आळस नाही. एकाच पानावर दुसरी स्क्रिप्टही असते आणि ती दरम्यान त्याच नावाचं ग्लोबल तयार करू शकते. वाचताना नसलेलं नाव चालताना असू शकतं, तेव्हा आधीच नाही म्हणणं चुकीचं ठरेल. म्हणून तिथे ते काम लिंटरकडे (कोड न चालवता चुका शोधणारं साधन) किंवा टाइपस्क्रिप्टकडे (आधीच तपासणी करणारी जावास्क्रिप्टची बहीण) सोपवलेलं बरं. नुसत्या स्ट्रिक्टवर भिस्त ठेवू नये.

मग ठरलेला पुढचा प्रश्न : ‘जुन्या स्क्रिप्टमध्ये स्ट्रिक्ट घालू का?’ घाला, पण एकदम अख्ख्या फाइलला नको. त्याची हद्द ब्लॉकपुरती असते, तेव्हा एकेका फंक्शनच्या आत टाकत जा. आणि सुरुवातीला ‘यूज व्ही 5.12’ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिलीत तर स्ट्रिक्ट आपोआप लागतं, हेही ध्यानात असू द्या, नाहीतर नुसता आवृत्तीचा आकडा बदलल्यावर शंभर एरर कुठून आल्या म्हणून शोधत बसाल. दर वेळी स्क्रिप्ट चालवायचीही गरज नाही, ‘पर्ल -सी’ म्हटलं की फक्त वाचन होतं. मात्र अनोळखी माणसाच्या फाइलवर ते बिनधास्त वापरू नका. ‘यूज’च्या आज्ञा आणि ‘बिगिन’चे ब्लॉक त्यातही चालतातच.