तुम्ही विचारलंत म्हणून: दारात कार, तरी मेट्रोनं का?

“दारात गाडी उभी आहे, मग तुम्ही मेट्रोनं काऊन जाता?” ऑफिसातली नवीन मुलं विचारतात, नणंद विचारते, कारच्या सर्व्हिसिंगला येणारा मेकॅनिकही विचारतो. परवा आमच्या वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या ताईंनी जिन्यात थांबवून तेच विचारलं. त्यांना मिहानात, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीत, नोकरी लागली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे, आणि कार हप्त्यावर घ्यायची की नाही यावर त्यांच्या घरी दोन रात्री बोलणं चाललं आहे. हातात दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या उभ्या मी काहीतरी बोलले, पण ते अर्धवट राहिलं. म्हणून आता नीट सांगते.

आमचं घर सेंट्रल अव्हेन्यूच्या आत, टेलिफोन एक्स्चेंज चौकाजवळ. ऑफिस मिहानात, खापरीच्या बाजूला. म्हणजे पूर्व नागपुरातून निघायचं, अख्खं शहर ओलांडायचं आणि वर्धा रोडनं पार दक्षिणेला जायचं. जाऊन-येऊन 36 किलोमीटर पडतात.

सकाळी कार लवकर पोचते, हे आधी मान्य करते. साडेआठच्या आत निघाले तर पाऊण तासात ऑफिसच्या गेटवर. मेट्रोनं दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत एक तास दहा मिनिटं. वर्धा रोडचा डबलडेकर पूल 2020 च्या नोव्हेंबरात सुरू झाला, तेव्हापासून तर कारवाल्यांचं फारच सुखाचं झालं. खाली जुना रस्ता, मधे गाड्यांचा पूल, आणि त्याच खांबांवर सगळ्यात वर मेट्रो. अजनीच्या पुढे एकदा पुलावर चढलं की 3.14 किलोमीटर एकही सिग्नल लागत नाही. छत्रपती चौक, उज्ज्वलनगर कधी खालून निघून गेले ते कळतही नाही. मेट्रो मात्र दर स्टेशनला थांबते. पंचवीस मिनिटांचा फरक आहे आणि तो रोजचा आहे.

मग मी मेट्रोकडे का वळले? संध्याकाळमुळे.

सुटायची वेळ सगळ्या शहराची एकच. रहाटे कॉलनीपासून गाडी सरकायला लागते ती व्हेरायटी चौकापर्यंत सरकतच राहते. तिथून मानस चौक, जयस्तंभ, मग रेल्वेवरचा रामझुला पूल. रामझुला उतरून सेंट्रल अव्हेन्यूला लागलं की मेयो हॉस्पिटल, दोसर भवन, अग्रसेन चौक. एका बाजूला गांधीबागेचा माल उतरवणारे हातठेले, दुसऱ्या बाजूला डबल पार्किंग, मधून ऑटो, ई-रिक्षा आणि उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले. 2022 च्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी माझा डावा गुडघा ठणकत होता, म्हणून मी क्लच किती वेळा दाबते ते मोजायला घेतलं. रामझुल्यावरून उतरल्यापासून टेलिफोन एक्स्चेंज चौकापर्यंत, जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये, 112 वेळा. घरी आले तेव्हा लेक गणिताची वही घेऊन दारातच उभी होती. “थांब गं जरा” म्हणून मी पलंगावर आडवी झाले. ती वही तशीच धरून पंधरा मिनिटं पायाशी बसून राहिली, काही बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला फार लागलं.

त्याआधी मेट्रो नव्हती असं नाही. खापरी ते सीताबर्डी गाडी 2019 च्या मार्चमध्येच सुरू झाली होती. पुढच्या वर्षी जानेवारीत लोकमान्यनगरची बाजू सुरू झाली, हिंगणा रोडवाल्यांची सोय झाली. आम्हा पूर्वेकडच्यांना मात्र आधी बर्डी, म्हणजे सीताबर्डी, गाठावी लागायची, आणि खरी गर्दी तर तिथपर्यंतच! 11 डिसेंबर 2022 ला सीताबर्डी ते प्रजापतीनगर मार्गाचं उद्घाटन झालं आणि आमच्या चौकात स्टेशन आलं. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा गेले. संध्याकाळी बर्डीला खापरीकडून येणाऱ्या ऑरेंज लाइनवरून उतरून आमच्याकडे येणाऱ्या ॲक्वा लाइनच्या फलाटावर गेले, गाडीत बसले, आणि कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी ही नावं एकामागून एक ऐकत बारा-तेरा मिनिटांत घरच्या चौकात उतरले. खाली तोच सेंट्रल अव्हेन्यू, त्याच लाल दिव्यांच्या रांगा. मी वरून बघत होते.

संध्याकाळी कार आणि मेट्रो यांचा वेळ जवळपास सारखाच लागतो, कधी मेट्रो दहा मिनिटं आधीच पोचवते. सकाळी घालवलेल्या पंचवीस मिनिटांपैकी थोडी अशी परत मिळतात. पण माझ्यासाठी घड्याळापेक्षा महत्त्वाचं हे, की मी घरी माणसासारखी येते. लेकीचं गणित आता जेवणाच्या आधी होतं.

पैशांचं सगळे विचारतात, तर तेही सांगते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. शहरातल्या गर्दीत आमची कार पंधराचं ॲव्हरेज देते, म्हणजे दिवसाचे अडीचशे रुपये नुसत्या पेट्रोलचे. मेट्रोची दोन्ही वेळची तिकिटं आणि खापरीपासूनचा शेअर ऑटो मिळून त्याच्या निम्म्यात भागतं. कार विकत घ्यायचीच असेल तर हप्ता आणि विमा वेगळा. इथपर्यंत सोपं आहे.

पण नागपुरात मेट्रोची खरी स्पर्धा कारशी नाहीच. ती दुचाकीशी आहे. आपल्या शहरात घरटी एक, कुठे दोन-तीन दुचाक्या. माझ्या स्कूटरला याच 36 किलोमीटरला ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांचं पेट्रोल लागतं. ती मेट्रोपेक्षा स्वस्त पडते, दारातून निघते आणि ऑफिसच्या दारात थांबते. “मेट्रोनं पैसे वाचतात” असं दुचाकीवाल्याला सांगायला जाऊ नका, तो हिशेब मांडून दाखवेल आणि त्याचाच हिशेब बरोबर निघेल. मी स्वतः दोन वर्षं स्कूटरनं गेले आहे, म्हणून सांगते: स्कूटरची किंमत पेट्रोल पंपावर कळत नाही, मे महिन्यात कळते. पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू, संध्याकाळचे सहा वाजले तरी वर्धा रोडचं डांबर खालून भाजतं. तोंडाला दुपट्टा, डोळ्याला गॉगल, हातात सुती मोजे, आणि तरी सिग्नलला थांबलं की हेल्मेटमधून घाम डोळ्यांत उतरतो. सीटवर बसण्याआधी मी बाटलीतलं पाणी शिंपडायची, ते बसेपर्यंत वाळून जायचं. बाजूनं हायवेचे ट्रक जातात ते वेगळंच. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग आहे तो, गल्ली नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्कूटर चालवावी, मजा येते. एप्रिल ते जून नको. आणि पावसाळ्यात रिंग रोडनं वळसा घालायचा विचार असेल तर नरेंद्रनगरच्या पुलाखालचं पाणी आठवा.

आता ज्याच्यावर खरा निर्णय ठरतो ते सांगते. सगळेजण घरापासून स्टेशन किती लांब आहे ते बघतात. ताई, तुम्हीही तेच विचारलंत. आपल्या घरापासून स्टेशन चालत सात मिनिटं आहे, आणि समजा पंधरा मिनिटं असतं तरी आपलं गाव, आपली गल्ली, कुणाची तरी गाडी मिळतेच. बघायचं ते दुसरं टोक. खापरीला उतरल्यावर तुमचं ऑफिस किती आत आहे? मिहानमधले रस्ते रुंद आहेत, स्वच्छ आहेत, पण सावली नाही आणि एका गेटपासून दुसरं गेट दिसलं तरी चालायला वीस मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या ऑफिसची बस होती, ती स्टेशनवरून घेईल असं सांगितलं होतं. महिनाभर आली, मग कधी यायची, कधी नाही. तीन वेळा मी जूनच्या उन्हात अडीच किलोमीटर चालले आहे. त्या काळात कुणी मला मेट्रोबद्दल विचारलं असतं तर मी “कारनं जा” असंच म्हटलं असतं. आता आम्ही चौघी मिळून ऑटो ठरवला आहे. ऑटोवाले दादा ठरल्या वेळी स्टेशनखाली उभे असतात, एखादी दिसली नाही तर फोन करून विचारतात, “मॅडम, येऊन राहिल्या न?” ऑफिसातला एक मुलगा सायकल घेऊन येतो, डब्यात सायकल नेता येते, आणि खापरीहून तो आमच्या ऑटोच्या आधी पोचतो. अशी काहीतरी सोय आधी पक्की करा, मग मेट्रोचं ठरवा. सोय होत नसेल तर मेट्रोचा हट्ट धरू नका, मनापासून सांगते.

रात्रीचंही बघा. शेवटची गाडी दहाच्या सुमाराला. महिनाअखेरीला आमचं काम लांबतं, त्या दोन-तीन दिवशी मी कारच काढते. गाडी चुकली तर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, ते सकाळी चालतं, रात्री साडेनऊला जीव टांगणीला लागतो. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल पाळणाघरात असेल, मधेच धावत यावं लागत असेल, तर कार हाताशी हवी. मी कार विकलेली नाही, त्याचं कारण हेच.

उलट काही दिवस असे असतात की कारवाला मेट्रोत आपणहून येतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात, बर्डीच्या आसपासचे रस्ते एकेक करून बंद होतात, आणि कालचा रस्ता आज मिळेल याची खात्री नसते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मेट्रो तर एकदा बघाच. दीक्षाभूमीला जाणारी माणसं, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, खांद्यावर झोपलेली पोरं, डोक्यावर भाकरीची गाठोडी. गेल्या वर्षी एका आजींनी माझा हात धरून विचारलं, “बाई, रहाटे कॉलनी आली का वं?” त्या पहिल्यांदाच सरकत्या जिन्यावर उभ्या राहणार होत्या. मी उतरून त्यांना खालपर्यंत सोडलं, पुढची गाडी पकडली. कारनं त्या दिवशी मी तिथून दोन किलोमीटर लांबूनच वळले असते.

आणि एक गोष्ट हिशेबात येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यू एअरपोर्टला एक मुलगी चढते, फिजिओथेरपी शिकते आहे. परीक्षेच्या दिवसांत ती वहीवर तळहात ठेवून ओठातल्या ओठात पाठ करत असायची. एकदा माझ्याकडे वही देऊन म्हणाली, “काकू, माझं ऐकून घ्या न.” मनगटाची आठ हाडं. ती बोटांवर मोजायची, स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, आणि चौथ्याला दर वेळी अडायची. मी वहीत बघून “पि” म्हणायचे, की लगेच “पिसिफॉर्म!” आणि पुढची चार भराभर. समोरच्या सीटवरचे एक काका स्वतःचं मनगट दाबून बघत होते. काँग्रेसनगर येईपर्यंत तिनं दोनदा न अडता म्हटली. नंतर तिनं माझ्या गुडघ्यासाठी दोन व्यायामही दाखवले, ते मी अजून करते.

बुटीबोरीला जाणारे विचारतात त्यांच्यासाठी: दुसऱ्या टप्प्यात मिहानच्या पुढे बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत मार्ग जाणार आहे. पण आज नोकरीवर जायचं तर आजच्या स्टेशनांवर ठरवावं. खापरीपासून पुढे तुमच्या कंपनीची खात्रीची बस असेल तर मेट्रो, नसेल तर चौघांनी मिळून एक कार. एकट्यानं रोज कार नेणं मला पटत नाही.

तर ताई, कारचं बुकिंग निदान दोन महिने थांबवा. तुमचं ऑफिस आमच्या गेटच्या अलीकडे आहे, ऑटोत आमच्यातली एक पुढे दादांशेजारी बसेल, तुमची जागा होईल. मी दादांना सांगून ठेवलंय. सोमवारी सव्वाआठला खाली या. छत्री आणि पाण्याची बाटली घ्या, मेट्रोचं कार्ड मी स्टेशनवर काढून देते. बर्डीला गाडी बदलताना पहिल्या दिवशी गोंधळायला होतं, तेव्हा माझ्या मागे मागे या.